बोलून झालं, आता करू काय?

‘नुसतं बोलून काय होणार मॅडम, एकदाचं काहीतरी करूनच टाकते.’ समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण पहिल्या भेटीत हे म्हणतात. राग आला, दुखावलं गेलं, तर बोलून मोकळं व्हावं की सरळ कृती करावी? (खालच्या प्रसंगात ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.)

इंदूरच्या सुदामा नगरातल्या एक काकू, साठीच्या. वडिलांचं रामबागेतलं घर भावाकडे गेलं. हक्कसोडपत्रावर बहिणींनी राजीखुशीने सह्या केल्या होत्या. पण मग काहीतरी बिनसलं आणि पुण्याच्या धाकट्या बहिणीशी रोज रात्री फोन सुरू झाले. विषय एकच, भाऊ. आता फॅमिली ग्रुपवर टाकायचा लांबलचक मेसेज तयार होता आणि वकिलाचा नंबरही मिळवलेला होता.

‘सगळे म्हणतात मनात ठेवू नये. मी कुठे ठेवलंय? अख्ख्या इंदूरला माहीत आहे!’

भाऊ सोडून, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर कसं वाटतं, असं मी विचारलं. ‘पहिली पाच मिनिटं बरं वाटतं. मग झोप उडते.’ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनी 2002 मध्ये शाळकरी मुलांच्या मैत्रीत हेच पाहिलं होतं. एकच दुखणं दोघांनी मिळून पुन्हा पुन्हा उगाळलं की मैत्री घट्ट दिसते, पण उदासी आणि चिंताही जास्त आढळते. साठीतल्या बहिणी काही वेगळ्या नसाव्यात.

मग करून टाकावं? मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांचा 2002 चाच एक प्रयोग आहे. चिडवलेल्या विद्यार्थ्यांना, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत पंचिंग बॅग बडवायला सांगितलं. त्यांचा राग, काहीच न करता शांत बसलेल्यांपेक्षा जास्त निघाला. ग्रुपवरचा मेसेजही तसलाच. शिवाय बॅग उलटून उत्तर देत नाही, आत्या-मावश्या देतात.

वकिलाकडे जाऊ नका, असं मी म्हटलं नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीलाही मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. सही केलेल्या दस्ताचं पुढे काय, ते वकीलच सांगणार. मी एवढंच विचारलं, ‘उद्या हिस्सा हातात पडला, तर रात्री झोप लागेल?’

बराच वेळ त्या पर्सची चेन उघडबंद करत राहिल्या. ‘पैसे नकोत हो. आई असताना महालक्ष्म्यांना मी आदल्या दिवशीच जायचे. सोळा भाज्या मी चिरायचे. आता दुपारी साडेबाराला बोलावतात, सवाष्ण म्हणून. जाते तेव्हा पान वाढलेलं असतं.’

एवढ्या वर्षांच्या फोनवर हे एकदाही निघालं नव्हतं, कारण धाकटी विचारायची, ‘मग दादा काय म्हणाला?’ तुला काय हवं होतं, हे कुणी विचारलंच नाही. बोलण्याचा उपयोग मला इथवर वाटतो. दुखतंय कुठे ते सापडलं की त्यावर आणखी तास घालवण्यात फारसं हशील नाही.

पण मनाला येईल ते करणं, हा उपाय नव्हे. काकूंचा दुखावलेपणा म्हणत होता, यंदा जाऊच नको. मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांच्या उपचारपद्धतीत अशा वेळी उलट कृती सुचवतात: भावना मागे खेचते आणि मागे सरून नुकसान आपलंच होतं, तर एक पाऊल पुढे टाकायचं. धोका खरा असेल तिथे मात्र हे लागू नाही. घरात मारहाण असेल तर भीतीचं ऐकायचं, तिथून निघायचं, 181 या महिला हेल्पलाइनला फोन करायचा.

भावाशी काय बोलायचं ते आम्ही घासूनपुसून दोन वाक्यांवर आणलं. ‘यंदा गौरी यायच्या दिवशी सकाळीच येते, भाज्या निवडायला. पाहुणी म्हणून नको.’ त्यात घर नाही, सही नाही, ‘तू नेहमी’ नाही.

भाऊ म्हणाला, ‘ये ना ताई, यात विचारायचं काय?’

यावरही काकू तणतणतच आल्या. ‘विचारायचं काय म्हणे! इतकी वर्षं याला सुचलं नाही?’ पण गेल्या. वहिनीने पुरणपोळ्या बाहेर सांगितल्या होत्या, त्यावरून थोडी कुरबुर झाली. भाज्या दोघींनी मिळून चिरल्या, बाराच. बाकीच्या चार मंडईत मिळाल्या नाहीत.

ग्रुपवरचा मेसेज त्यांनी पुसला. वकिलाचा नंबर अजून फोनमध्ये आहे, आणि तो काढून टाका असं मी सांगणार नाही.