वाचलेले लक्षात राहण्यासाठी काय करावे?
पुस्तक वाचून आठवडा झाला की काहीच आठवत नाही, असे आपण विचारले आहे. पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा वाटू लागतो, पण ओळखीचे वाटणे वेगळे आणि आठवणे वेगळे. प्रकरण संपताच पुस्तक मिटून त्यातले मुद्दे कोऱ्या कागदावर स्वतःच्या शब्दांत लिहावेत, अडेल तेवढेच उघडून पाहावे आणि हेच दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने करावे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगात आठवड्यानंतर फेरवाचन करणाऱ्यांपेक्षा आठवून पाहणाऱ्यांनाच अधिक आठवले होते. क्रमवार याद्यांसाठी मात्र शाळेतल्या ‘तानापिहिनिपाजा’सारखी युक्ती पुरते, इंद्रधनुष्याचे सातही रंग त्या एका शब्दात बसले आहेत. कादंबरीसाठी हा खटाटोप मी स्वतः करत नाही.