स्कॅनर धडधाकट, पण ड्रायव्हर नाही

प्रश्न : आमच्या वाचनालयाला २००९ साली देणगीतून स्कॅनर मिळाला. जुने दुर्मीळ अंक आम्ही त्यावरच उतरवून घेतो. आता नव्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स आहे आणि त्याला हा स्कॅनर ओळखू येत नाही. कंपनी म्हणते, मॉडेल बंद झालं, नवा घ्या. यंत्र संगणकाला ओळखता यावं म्हणून लागणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, स्वयंसेवक फुकट लिहितात असं ऐकलं. आमच्यासाठी कुणी लिहील का? आम्हाला प्रोग्रॅमिंग येत नाही.
– एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, स्कॅनर भंगारात देऊ नका. आधी टर्मिनलमध्ये, म्हणजे लिखित आज्ञा देण्याच्या खिडकीत, इंग्रजी लहान अक्षरांत 'एलएसयूएसबी' (lsusb) टाइप करा. स्कॅनरच्या ओळीत चार-चार अक्षरांची जोडी दिसेल : पहिली कंपनीची खूण, दुसरी मॉडेलची. ही जोडी 'सेन' (SANE) प्रकल्पाच्या यादीत शोधा. लिनक्सवर स्कॅनर चालवण्याचं काम वर्षानुवर्षं हाच प्रकल्प करतो आहे. कधी कधी आतली चिप आधीच चालणाऱ्या मॉडेलचीच असते, फक्त तुमची खूण नोंदवायची राहिलेली असते. तसं निघालं तर काम लवकर होईल.

नाही निघालं, तर मात्र चिकाटी लागते. कंपनी चिपची माहिती देत नाही, ती स्कॅनरकडूनच काढून घ्यावी लागते. माझ्या स्कॅनरसाठी मी व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकातच चालणाऱ्या आभासी संगणकात, विंडोज आणि कंपनीचा जुना ड्रायव्हर चालवला. केबलमधून जाणारा बाइट अन् बाइट 'वायरशार्क' या नोंद घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टिपला. एकच कोरा कागद, आधी १५० डीपीआयला (दर इंचाला १५० ठिपके), मग ३०० ला. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचत बसले. एका जागी '९६ ००' होतं, तिथे '२सी ०१' आलं होतं. हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे संगणकाच्या सोळाच्या पटीतल्या मोजणीत, १५० म्हणजे ९६, ३०० म्हणजे १२सी (०१ २सी), आणि धाकटा बाइट आधी जातो. सापडलं! रात्रीचे तीन वाजले होते, आणि मला कुणाला तरी उठवून सांगावंसं वाटत होतं. मग दिवा, मोटर, रंग, प्रत्येकासाठी हेच पुन्हा. चुकीची आज्ञा गेली, तर आतला दिव्याचा गाडा टोकाला जाऊन आदळतो. म्हणून पहिल्या प्रयोगांना माझा एक हात कायम प्लगवर असे.

कुणी लिहील का, तर हो, अशी माणसं आहेत. फ्रान्समधले मिशेल झार्ड पेशाने डॉक्टर. त्यांनी दोनशेहून जास्त वेबकॅम लिनक्सवर चालते केले आणि ते काम २००८ साली लिनक्सच्या २.६.२७ आवृत्तीत गेलं. पण एवढे कॅमेरे एका घरात कुठून असणार? ज्याच्याकडे यंत्र आहे, त्यानेच जोडून बघायचं आणि कळवायचं. तुमचा वाटा तोच आहे, आणि त्याला प्रोग्रॅमिंग लागत नाही. लिहिणाऱ्याजवळ तुमचा स्कॅनर नसतो. तो 'हे करून बघा' म्हणेल, तुम्ही त्याच दिवशी बघून, पडद्यावर आलेली ओळ न् ओळ जशीच्या तशी पाठवायची. उत्तरं थांबली की काम थांबतं. मी स्वतः असे दोन ड्रायव्हर अर्धवट सोडले आहेत, त्याची हळहळ अजून आहे.

आणि स्कॅनरसोबत आलेली सीडी कपाटात असेल, तर आजच शोधून ठेवा. विंडोजमधली नोंद घ्यायला तीच लागेल.