तालुकावार घट्ट, गावनिहाय विरळ : सहसंबंध नेमका कुठला धरायचा?

प्रश्न असा आहे : २०११ च्या जनगणनेवरून गोव्यातली स्त्री-साक्षरता आणि स्त्रियांचा कामातला सहभाग यांचा सहसंबंध (दोन आकडे किती एकत्र हलतात, याचं −१ ते +१ मधलं माप) काढला, तर तालुकावार घट्ट दिसतो, गावनिहाय विरळ. गणित चुकलं का?

बहुधा नाही. एकदा जिल्हावार काढून बघा. उत्तर आणि दक्षिण गोवा हे तेव्हाचे दोन जिल्हे, म्हणजे बिंदू दोनच, आणि दोन बिंदूंतून सरळ रेघ जाणारच. सहसंबंध येणार +१ नाहीतर −१. त्याला कोणी निष्कर्ष म्हणत नाही. ११ तालुक्यांवरच्या आकड्याला मात्र बिनदिक्कत म्हणतात.

गावं तालुक्यात मिसळली की गावागावांतला फरक सरासरीत विरतो. शेजारची गावं बरीचशी सारखी असतात, म्हणून सत्तरी-सांगे हे आतले तालुके एकीकडे आणि बार्देश-सासष्टी हे किनाऱ्याचे दुसरीकडे एवढा ढोबळ फरक शिल्लक राहतो आणि सहसंबंध फुगतो. हद्दी कशा आखल्या यानेही आकडा हलतो. ओपनशॉ आणि टेलर या भूगोलतज्ज्ञांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या ९९ काउंटी (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग) वेगवेगळ्या तऱ्हेने जोडल्या, तर त्याच माहितीतून ठळक ऋण ते ठळक धन असे सगळे सहसंबंध निघाले. आपल्याकडे २०१५ मध्ये फोंडा तालुका उत्तर गोवा जिल्ह्यातून दक्षिण गोव्यात गेला. २०११ चे जिल्हावार आकडे आजच्या नकाशावर चिकटवू नका.

आता हमखास होणारी चूक. एका गावात ७ वर्षांचे आणि त्यावरचे २०० जण, साक्षर १२०, म्हणजे ६०%. शेजारच्या शहरात ९,८०० पैकी ८,८२०, म्हणजे ९०%. टक्क्यांची सरासरी ७५% येते. खरा दर १०,००० पैकी ८,९४०, म्हणजे ८९.४%. आधी माणसं मिळवा, टक्का शेवटी काढा. साक्षरतेच्या छेदात ०-६ वयाची मुलं नकोत.

२००१ शी तुलना करणार असाल तर गावं नावानिशी जुळवून घ्या. मधल्या काळात गोव्यात जनगणनेने शहर म्हणून धरलेली ठिकाणं ४४ वरून ७० झाली, त्यामुळे दोन्ही वेळचा ‘ग्रामीण गोवा’ एकच नव्हे.

तुमच्यासाठी गावनिहाय आकडा धरा, लोकसंख्येचा भार देऊन, म्हणजे मोठ्या गावाला जास्त वजन. मग शेजारची गावं जोडून मनमानी ११ गट पाडा, असं ५०० वेळा करा, दर वेळी सहसंबंध काढा आणि तालुक्यांचा आकडा त्या पसाऱ्यात कुठे बसतो ते पाहा. तो मधोमध पडला, तर तालुक्यांच्या हद्दीत विशेष काही नाही, आकडा गट मोठे असल्यामुळे वाढलाय. आणि गावनिहाय आकड्यावरूनही ‘शिकलेली बाई जास्त कामाला जाते’ असं लिहू नका. त्याला एकेका बाईची माहिती लागते.