फुंकून घ्यायचं काम दुसऱ्यावर सोडू नकोस

अगं, तुझा मेल वाचला, सीओपीडीवर, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या फुफ्फुसाच्या आजारावर, पीएचडी करायचं पक्कं केलंस, फार बरं वाटलं. तू विचारलंयस आकडेमोडीसाठी आधी आर शिकू की पायथन, कुठली प्रोग्रामिंग भाषा. ते होईल गं, आधी पेशंटसमोर बसून स्पायरोमेट्री, म्हणजे मशीनमध्ये फुंकायला लावून श्वास मोजायची तपासणी, शिक, स्वतः.

आपल्याकडे सीओपीडी म्हटलं की अजून बिडी-सिगारेटच आठवते. पण आयुष्यात बिडीला हात न लावलेल्या, सगळी उमर चुलीपुढे भाकऱ्या थापण्यात गेलेल्या बायकांनाही तो होतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांचा 2009 चा लॅन्सेटमधला लेख यावरच आहे, तो आधी वाच. म्हणून फॉर्मवर 'धूम्रपान नाही' टिक करून पुढे पळू नकोस, चूल किती वर्षं होती, घरात धूर कोंडायचा का, गॅस आला तरी अंघोळीचं पाणी कशावर तापतं, सगळं विचार. आणि 'दम लागतो का' विचारलं तर त्या नाहीच म्हणतात, कारण दम लागेल ते काम कधीच सोडलेलं असतं. पाण्याचा हंडा कोण आणतं विचार. 'आता सून आणते' म्हणाल्या की पुढचं विचारायचं.

आता फुंक. नाकाला क्लिप, ओठ घट्ट, छाती भरून श्वास आणि एकदम जोरात सोडायचा. बऱ्याच आजी फुंकणीने जाळ करतात तसं हळूहळू फुंकतात, मग पहिल्या सेकंदात बाहेर पडलेल्या हवेचा आकडा म्हणजे एफईव्ही-1 उगाच कमी येतो. अर्ध्यात थांबल्या तर उलटं होतं, एफव्हीसी, म्हणजे पूर्ण फुंकेतली एकूण हवा, पुरती भरत नाही, एफईव्ही-1 भागिले एफव्हीसी हा रेशो चांगला दिसतो आणि आजार निसटतो, हे जास्त वाईट. पहिल्या सेकंदात खोकला आला तर ती फुंक बाद. निदान तीन चांगल्या हव्यात, त्यातल्या वरच्या दोन एफईव्ही-1 मध्ये 150 मिलीपेक्षा जास्त फरक नको. मग श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलचे पंपाने चार पफ, 15 मिनिटं थांबून परत, तरीही रेशो 0.70 च्या खाली राहिला तरच तिला सीओपीडीत धर. हे सगळं घाईत उरकलेलं असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर ते दुरुस्त करू शकत नाही.

औषधांच्या ट्रायलमध्येही तेच. 'पंपाची सवय लागते' म्हणून बरेच जण तो कपाटात ठेवतात आणि गोळी मागतात, तर साल्ब्युटामॉलची 4 मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे 100 मायक्रोग्रॅमचे 40 पफ, हे त्यांना शांतपणे सांग. प्रत्येक व्हिजिटला पंप घेऊन या म्हणावं आणि तुझ्यासमोर घ्यायला लाव. दाबायचं आणि ओढायचं एका वेळी जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची पोकळ नळी, दे. औषध छातीत गेलंच नाही तर तू लिहिणार औषध चाललं नाही, आणि ते चुकीचं असेल.

गाईडशी बोलून एखाद्या चेस्ट ओपीडीत बसायला सुरुवात कर. पहिले दहा ग्राफ मला पाठव, बाद झालेल्या फुंकांसकट, त्या काढून टाकू नकोस.

तुझी,
मॅडम