फिंचला व्हिटॅमिनचे थेंब किती द्यावेत?

पावसाळा तोंडावर आला की फिंच (दाणे खाणारा चिमुकला पिंजऱ्यातला पक्षी) पाळणाऱ्यांची पत्रं वाढतात. या अंकासाठी आलेले बहुतेक प्रश्न खाण्याचे आणि टॉनिकचे आहेत. उत्तरांतल्या वेळा ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेला धरून दिल्या आहेत. कोरड्या हवेच्या गावी त्या थोड्या सैल ठेवल्या तरी चालतील.

प्रश्न : झेब्रा फिंचची जोडी आहे. दुकानात मिळणारं दाण्यांचं मिक्स घालतो, वाटी कधी रिकामी नसते. तरी नर मलूल दिसतो. दुकानदाराने मल्टीव्हिटॅमिनची बाटली दिली आणि पाण्यात टाकायला सांगितलं. रोज किती थेंब?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : पाण्यात एकही थेंब नको. पण बाटली बाजूला ठेवून आधी वाटीकडे बघा. फिंच दाणा सोलून खातो आणि टरफल तिथेच टाकतो. वर टरफलांचा थर साचला की वाटी भरलेली दिसते आणि खाली दाणाच नसतो. रोज सकाळी वाटी बाल्कनीबाहेर धरून हलकी फुंकर मारा. जे उडतं ते टरफल, उरतो तो दाणा. एका पक्ष्याला दिवसाला साधारण एक सपाट चहाचा चमचा दाणा लागतो. बारा-पंधरा ग्रॅमच्या या जिवाकडे साठा असा नसतोच, दिवसभर उपास घडला तरी तो दगावू शकतो. वाटीत दाणा असूनही नर पिसं फुगवून बसत असेल, शेपटी श्वासाबरोबर वरखाली हलत असेल, तर तो आजारी आहे. आजारावर व्हिटॅमिन हा उपाय नाही, पक्ष्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरला त्याच दिवशी दाखवा.

आता पाण्यात का नको ते. फिंच दिवसाला जेमतेम चमचाभर पाणी पितो, मेच्या उकाड्यात त्याहून बरंच जास्त. म्हणजे डोस तुम्ही ठरवत नाही, हवामान ठरवतं. पाण्यात मिसळलेली जीवनसत्त्वं उजेडाने काही तासांतच कमजोर होतात. थेंबांत बहुधा साखर असते, त्यामुळे आपल्या हवेत दुपारपर्यंत भांड्याच्या कडेला बुळबुळीत थर धरतो. शिवाय चव बदलली की काही पक्षी पाणीच कमी पितात. साधं पाणी द्या, दिवसातून दोनदा बदला आणि भांडं बोटाने घासून धुवा.

द्यायचंच असेल तर पावडर घ्या आणि ती अंड्याच्या खाण्यात कालवा. हिशेब असा : पाकिटावर एक किलो मऊ खाण्याला पाच ग्रॅम लिहिलं असेल, तर सोललेलं उकडलेलं एक अंडं धरा पन्नास ग्रॅम. त्याला लागली पाव ग्रॅम, म्हणजे दोन बोटांची छोटी चिमूट. किचनचा वजनकाटा इतकं कमी मोजत नाही. सोनारकामाचा छोटा डिजिटल काटा घेतलात तर अंदाजपंचे कारभार थांबेल. विणीच्या किंवा पिसं गळण्याच्या काळात आठवड्यातून दोनदा पुरे, एरवी एकदा. अ आणि ड जीवनसत्त्वं शरीरात साठतात. जास्त झाली तर ड मुळे किडनीत कॅल्शियम साचतं आणि पक्षी बरा होण्याऐवजी खचतो. म्हणून एका वेळी एकच उत्पादन. माणसांच्या मल्टीव्हिटॅमिनच्या गोळीचा तुकडा कधीच नको.

मिक्सबद्दल : चार भाग सालासकट राळे (पक्ष्यांच्या दुकानात कांग म्हणून मिळतात), दोन भाग कॅनरी सीड आणि चिमूटभर कारळे. कारळ्यात तेल भरपूर, ते चिमटीपुरतेच. बाजरीचा दाणा या चोचीला मोठा पडतो, बहुतेक पक्षी तो मागे ठेवतात. मिक्स कितीही चांगलं असलं तरी दाण्यात कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व कमीच असतं. ती भर कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा कोवळा पाला आणि किसलेलं गाजर यांतून घाला. पाला दहा मिनिटं पाण्यात बुडवून, नीट धुवून, निथळून जाळीला अडकवा. पालक अधूनमधून चालेल, रोज नको, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अडवून ठेवतं. कांदा, लसूण, ॲव्होकॅडो, चॉकलेट, मीठ लावलेलं काहीही वर्ज्य.

प्रश्न : मादीने चार महिन्यांत तीनदा अंडी घातली. शेवटची दोन मऊ कवचाची निघाली. पिंजऱ्यात समुद्रफेन (कॅल्शियमसाठी ठेवतात तो कटलफिशचा पांढरा सांगाडा) आहे, सासूबाई चुन्याची निवळीही देऊन बघ म्हणतात. पिंजरा काचेने बंद केलेल्या बाल्कनीत असतो, ऊन भरपूर येतं.
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यातच कारण आहे. काचेतून उजेड आणि उष्णता येते, पण ज्या किरणांनी शरीरात ड३ जीवनसत्त्व तयार होतं ते काच अडवते. ड३ नसेल तर समुद्रफेन कितीही कुरतडला तरी कॅल्शियम अंगी लागत नाही. आठवड्यातून चार-पाच दिवस अर्धा तास पिंजरा उघड्या खिडकीशी ठेवा. अगदी कोवळ्या उन्हात हे किरण फार थोडे असतात. नऊ ते दहाच्या सुमारास ठेवा, मात्र अर्धा पिंजरा सावलीत हवा, म्हणजे तिला तापलं की सरकता येईल. जवळ बसा किंवा पिंजऱ्यावर जाळी टाका, कावळे टपलेलेच असतात. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसेंदिवस ऊन मिळत नाही, तेव्हा ड३ असलेली कॅल्शियम पावडर वर सांगितल्याप्रमाणे अंड्यात द्या. व्हिटॅमिनच्या पावडरीतही ड३ असेल तर त्या महिन्यांत दोन्हींपैकी एकच.

निवळी नको. ती तीव्र अल्कधर्मी असते, इवल्याशा घशाला झोंबते. त्यापेक्षा अंड्याचं कवच दहा मिनिटं उकळा, आतला पापुद्रा काढा, वाळवा आणि खलात रव्याइतकं बारीक करून वेगळ्या वाटीत ठेवा. मादी गरजेपुरतं स्वतःच उचलते. समुद्रफेन काष्ठौषधीच्या दुकानात घेत असाल तर अख्खा घ्या, पूड नको. मऊ बाजू पक्ष्याकडे करून तारेने बांधा.

खरा प्रश्न मात्र विणीच्या वेगाचा आहे. प्रत्येक खेपेला चार ते सहा अंडी, आणि प्रत्येक कवचासाठी मादी स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढते. वर्षाला दोन खेपा ठीक, तीन म्हणजे कमाल. आत्ता घातलेली अंडी उचलू नका, उचलली की ती भरपाईला नवी घालते. तिला बसून कंटाळू द्या. मग घरटं आणि काथ्या-गवत काढा, अंड्याचं खाणं आठवड्यातून एकदावर आणा आणि संध्याकाळी सातनंतर पिंजरा झाकून उजेड तोडा. रात्री अकरापर्यंत हॉलचा दिवा आणि टीव्ही चालू असला की पक्ष्याला वर्षभर विणीचाच मोसम वाटतो. फ्लॅटमधल्या फिंचचं अर्ध दुखणं इथे असतं, असं आमचं मत.

मादी तळाला फुगून बसली, जोर करताना दिसली, पोटाचा मागचा भाग फुगीर वाटला, तर अंडं अडकलं असं समजा. पिंजऱ्याच्या एका बाजूला जुन्या पद्धतीचा साठ वॅटचा बल्ब लावून तिथे ३० ते ३२ अंश ऊब ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा. पोट दाबू नका, तेल सोडू नका. आत अंडं फुटलं तर मादी हातची जाते.

प्रश्न : राळ्याला मोड काढून देतो. उन्हाळ्यात छान येतात, पावसाळ्यात वास मारतो. साठवलेल्या दाण्यालाही जाळी धरते.
– एक वाचक, कळवा

उत्तर : आधी दाणा जिवंत आहे का ते तपासा. वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून तीन दिवस ठेवा. सोळा-सतरांना मोड आले तर माल चांगला. दहाच्या खाली आले तर तो दाणा जुना, मोडाला घेऊ नका. वाण्याकडचे पांढरट, साल काढलेले राळे भातासाठी असतात, त्यांना मोड येतच नाहीत, ते नुसते कुजतात. ठाण्याच्या जांभळी नाक्यावर किंवा वाशीच्या दाणाबंदरात (धान्याच्या घाऊक बाजारात) विचारताना ‘सालासकट’ हा शब्द विसरू नका.

मोडाची रीत : दोन चमचे दाणा तीनदा धुवा, आठ तास भिजवा, गाळणीत उपसा. नंतर दर सहा तासांनी वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि गाळणी तिरकी ठेवून पूर्ण निथळायचं. वास येतो तो इथेच चुकल्यामुळे, खाली साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात. आपल्याकडच्या उकाड्यात चोवीस ते छत्तीस तासांत पांढरं टोक दिसतं. टोक दिसलं की लगेच द्या, लांब मोडाची वाट बघू नका. जोडीला एक चमचा, दोन तासांनी उरलेलं फेका. आंबूस वास किंवा दाण्याला चिकटपणा जाणवला तर सगळंच फेका, धुवून वाचवायला जाऊ नका. रात्री उठून धुणं जमणार नसेल तर जुलै-ऑगस्टमध्ये मोड बंद ठेवा आणि पाला वाढवा.

साठवणीसाठी महिन्याभराचाच दाणा आणा. हवाबंद पिशवीत भरून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, पोरकिडे आणि पाखरांची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. घरच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड दाण्यावर दव धरतं आणि त्यातूनच बुरशी येते. मग कोरड्या डब्यात भरा. माणसांच्या धान्यात घालतात त्या पाऱ्याच्या गोळ्या आणि बोरिक पावडर पक्ष्यांच्या दाण्यात अजिबात नको. बुरशीचा वास आलेला दाणा उन्हात वाळवून वापरू नका, वास गेला तरी विष राहतं.

प्रश्न : पचनासाठी समुद्रकिनाऱ्याची वाळू ठेवावी का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : नको. दाणा गिळणाऱ्या कबुतराला खडे लागतात, सोलून खाणाऱ्या फिंचचं त्यावाचून अडत नाही. आजारी पक्षी वाळू अधाशासारखी खातो आणि पोटात गोळा होतो. किनाऱ्याच्या वाळूत मीठ आणि घाण वेगळीच. समुद्रफेन आणि कवचाची पूड पुरते.

प्रश्न : रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून लाल मुनियांची जोडी घेतली. त्यांनाही हेच खाणं चालेल का?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : ही जोडी घरात ठेवता येणार नाही. लाल मुनिया आपल्याकडचा रानपक्षी आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पकडणं, विकणं आणि पाळणं गुन्हा आहे. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा. स्वतः सोडू नका, असे पक्षी बऱ्याचदा रंगवलेले किंवा पंख छाटलेले असतात, उडता आलं नाही तर मांजराच्या तोंडी जातील. ते लोक येईपर्यंत राळे आणि साधं पाणी ठेवा.