यरुशलेमच्या वाटेवरची गाणी

प्रश्न : मी दरवर्षी वारीत अभंग म्हणत चालते. यरुशलेमला जाणाऱ्या यहुदी यात्रेकरूंचीही अशी गाणी होती का? – एक वाचक, सासवड

उत्तर : होती, ताई! बायबलमधल्या स्तोत्रसंहिता या गीतसंग्रहातली १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रे बहुतेक अभ्यासक यात्रेकरूंचीच मानतात. वल्हांडण, सप्ताहांचा सण आणि मंडपांचा सण, या तिन्ही यहुदी सणांच्या वेळी पुरुषांनी यरुशलेमच्या मंदिरात देवासमोर हजर व्हावे, असा नियमच होता.

मला त्यातले पहिले स्तोत्र फार भिडते. ते देवळात सुरू होतच नाही. गाणारा मेशेख आणि केदार अशा परक्या मुलखात, खोटारड्या, भांडखोर माणसांत अडकलाय, जिवाला कंटाळलाय. पुढच्याच स्तोत्रात त्याची नजर डोंगरांकडे जाते. पाय घसरू नये, दुपारचे ऊन बाधू नये, ही चालणाऱ्याची खरी काळजी त्यात आहे. १२२व्यात पाय थेट यरुशलेमच्या वेशीत!

पहिल्या पिकाची फळे घेऊन निघालेल्या दिंडीचे मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथातले वर्णनही तुम्हाला आवडेल. पुढे बैल, त्याच्या शिंगांना सोन्याचा मुलामा, डोक्यावर जैतुनाच्या पानांचा मुकुट, सोबत बासरी. श्रीमंतांच्या टोपल्या सोन्याचांदीच्या, गरिबांच्या सोललेल्या वाळुंजाच्या. यरुशलेमचे कारागीर उठून उभे राहत आणि आलेल्यांना त्यांच्या गावाचे नाव घेऊन, भाऊ म्हणून हाक मारत. केवढा हा मान!

इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडले. गाणी मात्र घराघरांत राहिली. १२६वे स्तोत्र आजही शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, जेवणानंतरच्या प्रार्थनेआधी म्हणतात.