६५० वॅट लिहिलेला कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय खरंच तेवढा भार पेलेल का, हे कसं ओळखायचं?

खोक्यावरचा मोठा आकडा सोडा, सप्लायच्या अंगावरचं लेबल वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर दिलेत ते बघून १२ ने गुणा. ५४ असतील तर ६४८ वॅट, हिशेब जुळला. ३६ च असतील तर जेमतेम ४३२! प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज इथूनच ओढतात, म्हणून मी तरी आधी हाच आकडा बघतो. '८० प्लस'चा शिक्का कार्यक्षमतेपुरता, म्हणजे वीज किती कमी वाया जाते एवढंच तो सांगतो. व्होल्टेज किती स्थिर राहतं ते त्यातून कळत नाही. त्यासाठी मशीनवर पूर्ण ताण देऊन मल्टिमीटरने (व्होल्टेज मोजायचं यंत्र) १२ व्होल्टचं व्होल्टेज मोजा. आकडा ११.४ ते १२.६ व्होल्टच्या बाहेर गेला तर सप्लाय बदलाच. आणि कृपा करून तो उघडू नका, प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) जीवघेणा झटका देऊ शकतात.